एकवीस दिवस बेपत्ता: एका खुडूक कोंबडीचा इतिहास

लोकलच्या दारात उभं राहून वाचत असाल, तर आधी जरा आत सरका. मग वाचा.

आजचा भाग कोंबडीवर आहे. हसू नका. या पॉडकास्टवर आपण किल्ले, तह, गिरणगाव, रेल्वे असं बरंच काही केलं. पण आपल्या घरातल्या कुणीतरी शेकडो वर्षं पाळलेल्या, रोज पाहिलेल्या या पक्ष्याचा इतिहास कधी सांगितला नाही. आणि मला तो सांगावासा वाटला तो एका हरवलेल्या कोंबडीमुळे.

जानेवारी 2022 ची गोष्ट. माझी आजी, म्हणजे आईची आई, डोंबिवलीजवळच्या त्या 27 गावांपैकी एका गावात राहायची. तीच 27 गावं, जी 2015 मध्ये पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत घेतली गेली आणि ज्यांच्यावरून अजूनही वाद चालतात. स्टेशनवरून रिक्षा केली की मानपाडा रोडची दुकानं संपतात, टॉवर संपत नाहीत, आणि मग अचानक एक विहीर, दोन आंब्याची झाडं आणि कौलारू घर दिसतं. तसं ते घर. मागे परसू, परसात शेवग्याचं झाड, एका बाजूला जुन्या कौलांचा ढीग, आणि सहा-सात कोंबड्या. दिवसभर मोकळ्या, रात्री खुराड्यात.

त्यातली एक अगदी ठेंगणी होती. कबुतरापेक्षा थोडी मोठी म्हणा ना. मामाने ती कल्याणच्या बाजारातून आणली होती, आणि विकणारा म्हणाला होता, ‘ही बँटम आहे.’ आजीने ते नाव कधी घेतलं नाही. आमच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते, तशी ती ‘बारकी कोंबरी’.

एका संध्याकाळी बारकी खुराड्यात आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामा म्हणाला, बोक्याने नेली. शेजारची काकू म्हणाली, मुंगूस असणार. मी शहरातला शहाणा, मी म्हणालो, कुणीतरी चोरली. आजी मात्र काही बोलली नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एका तारखेला पेनाने टिंब दिलं आणि भाकरी थापायला बसली.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मी परसात तोंड धूत होतो. कौलांच्या ढिगामागून ‘क्लक क्लक’ असा दबका, घोगरा आवाज आला. आधी बारकी बाहेर आली. सुकलेली, पिसं विस्कटलेली, डोळे लाल. आणि तिच्या मागून एक, दोन, तीन... सात पिल्लं. अंगठ्याएवढी.

आजी बाहेर आली, मोजलं, आणि म्हणाली, ‘आली का बाय.’ जशी माहेरवाशीण आली असावी.

आता प्रश्न असा, की हे तिने जमवलं कसं?

लपून बसायचं गणित

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: खुडूक. अंडी घालायचं थांबवून, अंड्यांवर ठाण मांडून बसलेली कोंबडी म्हणजे खुडूक कोंबडी. हात लावायला गेलात तर फुगते, चोच मारते, जागा सोडत नाही. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, आणि एरवी दिवसभर उकिरडा उकरणारी कोंबडी पुतळा होऊन बसते.

पण खुडूक बसायच्या आधीचा भाग जास्त हुशारीचा आहे. कोंबडी एका दिवसात दहा अंडी घालत नाही. साधारण पंचवीस तासांनी एक अंडं तयार होतं. म्हणजे नऊ अंडी जमवायची तर दहा-अकरा दिवस हवेत. मग पहिल्या अंड्यातलं पिल्लू दहा दिवस आधी बाहेर यायला नको का?

येत नाही. कारण अंडं ऊब मिळेपर्यंत वाट बघतं. आतला जीव वाढायला सुरुवात झालेली असते, पण अंडं थंड राहिलं की ती वाढ जागच्या जागी थांबते. आई रोज गुपचूप येते, एक अंडं घालते आणि निघून जाते. कुणाला पत्ता लागत नाही. पुरेशी अंडी जमली की मग ती बसते, सगळ्यांना एकदम ऊब मिळते, आणि सगळ्यांची घड्याळं एकाच वेळी सुरू होतात. म्हणून साधारण एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं जवळजवळ एकत्र बाहेर येतात. थंडीत हे चांगलं जमतं. उन्हाळ्यात अंडी आपसूकच तापतात आणि बिघडतात, म्हणून जुनी माणसं उन्हाळ्यात कोंबडी बसवायला नाखूश असतात.

या एकवीस दिवसांत ती दिवसातून साधारण एकदाच उठते. दाणे, पाणी, शौच, धुळीत एक लोळण, आणि परत. पोटावरची पिसं गळतात, म्हणजे कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. चोचीने अंडी फिरवत राहते, नाहीतर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत तर अंड्याच्या आतून पिल्लं ओरडतात आणि आई बाहेरून उत्तर देते. कवच फुटायच्या आधीच ओळख झालेली असते.

पिल्लं बाहेर आल्यावरही ती लगेच निघत नाही. अंड्यातला उरलेला पिवळा बलक पिल्लाने पोटात ओढून घेतलेला असतो, त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काही न खाता राहू शकतं. तेवढ्या वेळात मागे राहिलेली पिल्लं बाहेर येतात. मग आई उठते. जी अंडी राहिली, ती राहिली. आम्ही नंतर कौलांच्या मागे जाऊन पाहिलं. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली, पालापाचोळ्यात एक वाटीसारखा खळगा होता, आणि त्यात दोन गार अंडी.

मी आजीला विचारलं, खुराडं असताना तिथे का गेली? आजी म्हणाली, ‘खुराऱ्यातली अंडी आपन उचलतो. तिला काय समजत नाय?’

बँटम हे नाव आलं कुठून

बॉक्सिंग किंवा एमएमए बघणाऱ्यांनी ‘बँटमवेट’ हा शब्द ऐकला असेल. हलक्या वजनाचा, पण चिवट लढवय्या. तो शब्द या कोंबडीवरून आला, आणि कोंबडीचं नाव एका बंदरावरून.

जावा बेटाच्या वायव्य टोकाला बांतेन नावाचं बंदर आहे. युरोपीय लोक त्याला बँटम म्हणत. मिरीच्या व्यापाराचं हे मोठं केंद्र होतं. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडची आपली पहिली वखार सुरतेत नाही, तर या बँटममध्ये उघडली, 1602 साली. 1682 मध्ये त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. त्या ऐंशी वर्षांत जहाजांवर अन्न म्हणून जिवंत कोंबड्या चढवल्या जात. तिथे मिळणाऱ्या कोंबड्या छोट्या होत्या, म्हणून खलाशांनी त्यांना बंदराचंच नाव दिलं. पुढे जगातल्या कुठल्याही ठेंगण्या कोंबडीला बँटम म्हणायची पद्धत पडली. म्हणजे बँटम ही एक जात नाही, ते माप आहे.

आता आपल्याकडचा एक किस्सा. विल्यम हेन्री साइक्स नावाचा मुंबई सैन्यातला इंग्रज अधिकारी 1824 पासून दख्खनची पाहणी करत होता. पिकं, लोकसंख्या, हवामान, मासे, पक्षी, सगळं. 1832 मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आली. त्यात आपल्या सह्याद्रीतली राखी रानकोंबडी आहे, आणि एक मोठाड पाळीव कोंबडीही आहे. ती मूळची इथली नसावी, सुमात्रा किंवा जावाकडून आली असावी, असा त्याचा अंदाज होता. त्याने स्वतः असे दोन कोंबडे आणि एक कोंबडी 1831 मध्ये इंग्लंडला नेली. तिथल्या थंडीत ती जगली, एवढंच नाही, तर त्या कोंबडीने परक्या देशात दोनदा पिल्लं काढली, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

साहेबाच्या कागदपत्रात, मोजमापांच्या गर्दीत, खुडूक बसलेल्या एका कोंबडीची ही नोंद. मला ती वाचून बरं वाटलं.

डार्विनचं थोडं चुकलं होतं

पाळीव कोंबडीचा पूर्वज कोण, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लिथ त्याला भारतातल्या पक्ष्यांबद्दल पत्रं लिहायचा. शेवटी 1868 च्या पुस्तकात डार्विनने निकाल दिला: सगळ्या पाळीव कोंबड्या लाल रानकोंबडीपासून आल्या. आपली राखी रानकोंबडी त्याने या वंशावळीतून बाजूला ठेवली.

हा निकाल मोठ्या प्रमाणात बरोबर निघाला. पण 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक तपासलं, आणि ते लाल रानकोंबडीचं नव्हतं. ते राखी रानकोंबडीकडून आलं होतं. राखी रानकोंबडी फक्त भारतात असते, मुख्यतः सह्याद्रीत आणि दक्षिणेत. म्हणजे कधीतरी, इथल्याच कुठल्या तरी गावाच्या कडेला, पाळीव कोंबड्यांमध्ये रानातलं रक्त मिसळलं. आज अमेरिकेतल्या दुकानात पिवळ्या कातडीची कोंबडी दिसते, तिच्यात ही आपल्या भागातली देणगी आहे.

बारकीचे पाय पिवळे होते. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिले.

डार्विनने अजून एक गोष्ट टिपली होती, आणि आजच्या भागासाठी ती जास्त महत्त्वाची. 1859 च्या ग्रंथात, उपजत प्रवृत्तींवरच्या प्रकरणात, तो म्हणतो की माणसाने पाळल्यामुळे जनावरांच्या काही मूळ प्रवृत्ती नाहीशा होतात. त्याचं ठळक उदाहरण त्याने दिलं ते कोंबड्यांच्या अशा जातींचं, ज्या कधी खुडूक बसतच नाहीत.

एकवीस दिवस कुणाच्या मालकीचे?

इथून गोष्ट बदलते. कारण हिशेबाने बघितलं तर खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेलं दुकान. एकवीस दिवस बसणार, मग दीड-दोन महिने पिल्लं सांभाळणार. तेवढा काळ अंडं नाही. म्हणून माणसाने फार पूर्वीच विचार केला: पिल्लं हवीत, पण कोंबडीला बसवायचं नाही.

इजिप्तमध्ये शेणाच्या ऊबेवर अंडी उबवतात असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. पुढे तिथे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. एका वेळी हजारो अंडी. तापमापक नव्हता, तर कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचे. 1879 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाइस आणि आयझॅक डायस यांनी चांगलं चालणारं उबवणी यंत्र बनवलं. 1918 पासून अमेरिकेच्या टपाल खात्याने एक दिवसाची पिल्लं पार्सलने पाठवायला परवानगी दिली. पोटातली ती दोन-तीन दिवसांची शिदोरी आठवते? आईने मागे राहिलेल्यांसाठी थांबावं म्हणून जी सोय होती, तिच्यावर आता कुरिअरचा धंदा उभा राहिला.

आपल्याकडे मोठा बदल झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. व्हाइट लेगहॉर्न ही मूळ इटलीची पांढरी कोंबडी, खुडूक जवळजवळ बसतच नाही. तिच्यावरून निवड करत करत वर्षाला 300 हून जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या तयार झाल्या. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे त्या उद्योगाचं ठाणं झालं. 1982 मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली, जिचे अंड्यांचे दर आजही रोज जाहीर होतात. टीव्हीवरची ती रविवार-सोमवारची जाहिरात तुमच्या आईबाबांना पाठ असेल, ती या समितीचीच.

हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या शाळेच्या डब्यात रोज उकडलेलं अंडं होतं, ते याच बदलामुळे. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात प्रथिनं आली. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते, तिच्या भरवशावर एवढी मोठी मुंबई जेवली नसती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. आज आपण जे पांढरं अंडं फोडतो, ते घालणारी कोंबडी स्वतः कधी कुठल्या अंड्यावर बसलेली नाही. तिची आई बसली नाही, आजी बसली नाही. कोंबडीच्या आयुष्यातले ते एकवीस दिवस आपण तिच्याकडून काढून घेतले आणि यंत्राला दिले. बारकी कौलांच्या मागे जाऊन बसली, तेव्हा तिने ते परत घेतले. कुणाला न विचारता.

आजीचे पैसे

आणखी एक हिशेब यात आहे, तो कुठल्याही उद्योगाच्या आकडेवारीत येत नाही.

भाताचे पैसे आजोबांचे. जमिनीचे पैसे, जेव्हा आले तेव्हा, आजोबांचे आणि मग मामांचे. पण अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे आजीचे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं. परसातली कोंबडी बाईची, हे महाराष्ट्रात आणि देशभरात खूप घरांत असंच आहे. ते पैसे तांदळाच्या डब्यात असायचे. माझ्या आईची दहावीची पुस्तकं त्या डब्यातून आली. आईने डोंबिवलीत टायपिंगचा क्लास लावला, त्याची फी आली ती आखाडातल्या गटारीला विकलेल्या कोंबड्यांची. आजोबांना ते लग्न झाल्यावर कळलं.

म्हणजे आमच्या घरात लपून उबवणारी बारकी ही पहिली नव्हती.

फेब्रुवारी 2022

पिल्लं तीन आठवड्यांची झाली आणि बातमी आली. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात बर्ड फ्लू सापडला. एका फार्मवर शंभरेक कोंबड्या दगावल्या होत्या. प्रशासनाने 1 किलोमीटरच्या परिसरातले साधारण 25 हजार पक्षी नष्ट करायचं ठरवलं. जुन्या लोकांना 2006 आठवलं. तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली लागण सापडली होती, आणि परसातल्या कोंबड्याही सुटल्या नव्हत्या.

वेहळोली आमच्यापासून लांब, लोकलने आसनगावपर्यंतच तासाभराचा प्रवास. पण व्हॉट्सॲपला अंतर कळत नाही. शेजारी नुकतीच उभी राहिलेली इमारत होती, तिथले लोक मामाकडे आले. भांडायला नाही, घाबरून आले. कडेवर लहान मुलं होती. म्हणाले, या कोंबड्या हलवा, नाहीतर आम्हाला तक्रार करावी लागेल. मामा आजीला म्हणाला, विकून टाक, नाहीतर कापून टाकू, कशाला वाकडेपणा.

मला खरं सांगायचं तर त्या दिवशी आजीची बाजू घ्यायला जमली नाही. मीही म्हणालो, आजी, रिस्क नको. इतिहासावर बोलतो मी, पण निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा बातमीच्या बाजूने उभा राहिलो.

आजी भांडली नाही. तिने माळ्यावरून बांबूची जुनी डालगी काढली, सगळ्या कोंबड्या घराच्या पडवीत आत घेतल्या, बारकी आणि पिल्लं वेगळ्या डालग्याखाली झाकली. महिनाभर एकही पक्षी बाहेर सोडला नाही. रोज राख टाकून पडवी झाडली, हात साबणाने धुतले, नातवंडांना जवळ येऊ दिलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, एक जरी मेली तरी मी स्वतः येऊन सांगेन. आजारी पाखरू मोकळ्या पाखरांत मिसळू द्यायचं नाही, ही अक्कल तिला कुठल्याही परिपत्रकाने दिली नव्हती, पण परिपत्रकातही नेमकं तेच असतं.

एकही मेलं नाही. मार्चमध्ये तिने डालगी उचलली. इमारतीतली तीच मुलं कुंपणाला चिकटून पिल्लं बघायला लागली. सातातलं एक पुढे कावळ्याने नेलं, एक बोक्याने, पाच मोठी झाली.

आता

ते घर राहिलं नाही. पुढच्या वर्षी तिथे काम सुरू झालं. आजी आता चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, गुडघ्यांना आराम आहे. ती तक्रार करत नाही, तर मी तिच्या वतीने करणार नाही. पण कौलांचा ढीग कुठे नाही, ताडपत्री नाही, शेवगा नाही. सात मजल्यांच्या त्या आवारात एक कोंबडी लपून बसू शकेल अशी एक हात जागा नाही. डोंबिवलीत काय बदललं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन.

बारकी आणि उरलेल्या कोंबड्या मुरबाडकडे, आजीच्या बहिणीच्या घरी गेल्या. तिथे परसू आहे, मागे रान आहे.

त्या पावसाळ्यानंतर एकदा मी आजीकडे बसलो होतो, तेव्हा तिकडून फोन आला. स्पीकरवर होता. मावशीआजी काळजीने सांगत होती, बारकी दिसत नाही, बोक्याने नेली वाटतं.

आजीने विचारलं, ‘किती दिस झालं?’

आणि उत्तर यायच्या आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून पेन शोधायला लागली.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी, गावी, आजोळी कुणी कोंबड्या पाळत असेल तर त्यांना एकदा विचारा, खुडूक कोंबडीला त्यांच्याकडे काय म्हणतात आणि अंड्यांचे पैसे कुणाकडे असायचे. उत्तर रेकॉर्ड करा आणि व्हॉइस नोट पाठवा. बोलीत असेल तर तशीच पाठवा, सुधारून नको. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. भेटू.